शिलाई मशीन नीट चालत नाही तेव्हा: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवण शिकवताना जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी पायाभूत प्रश्नांपासून आहे, पुढे अडचणीचे अपवाद येतात. एक उत्तर दुसऱ्या प्रश्नात लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळी उत्तरं घरगुती मशीनसाठी आहेत, मग ते हाताचं असो, पायाचं असो की मोटरचं. कापडाच्या कडा गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचं तंत्र वेगळं असल्यामुळे ते यात नाही. मशीनसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

१. मशीन टाका घालतं म्हणजे नेमकं काय करतं? मला फक्त शिवायचं आहे, हे कळून काय उपयोग?

उपयोग फार मोठा आहे, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो आणि खालचा बॉबीनमधून, म्हणजे सुईखालच्या छोट्या रिळातून. सुई कापडातून तळाशी जाते आणि परत वर येताना सुमारे दोन मिलिमीटर उचलली गेली, की तिच्या मागे वरच्या दोऱ्याचं छोटंसं वेटोळं तयार होतं. नेमक्या त्याच क्षणी खालच्या शटलचं, म्हणजे बॉबीनभोवती फिरणाऱ्या टोकदार भागाचं, टोक त्या वेटोळ्यात शिरतं आणि ते बॉबीनभोवती फिरवून आणतं. मग समोरची वर-खाली होणारी दांडी, म्हणजे टेक-अप लिव्हर, जास्तीचा दोरा वर ओढून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. सुईच्या टोकाशी भोक आणि खाली दुसरा दोरा ही जोडी एलियास होवे यांनी १८४६ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आहे. घरगुती मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं.

एकदा सुईखालची धातूची प्लेट काढून, हाताने चाक सावकाश फिरवत हे वेटोळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. टाका सुटला म्हणजे शटलला वेटोळं सापडलं नाही. गुंता झाला म्हणजे वेटोळं वेळेवर वर ओढलं गेलं नाही. हे डोळ्यांसमोर आलं, की निम्म्या तक्रारींचं कारण तुम्हीच सांगू शकाल.

२. काहीही बिघडलं की सगळ्यात आधी कुठे हात घालायचा?

स्क्रूला तर नाहीच. माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये असं मी मनापासून सांगते. वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा. बॉबीन बाहेर काढून परत बसवायची. नवी सुई लावायची. प्लेटखालचा कचरा ब्रशने काढायचा. एवढं करूनही टीप बिघडलेलीच असेल, तर मगच टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणाऱ्या, चकतीला हात लावायचा. प्रत्येक पायरीनंतर त्याच कापडाच्या तुकड्यावर एक टीप मारून पाहा, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर मशीन सुधारलं तरी कशामुळे सुधारलं ते समजत नाही.

नवशिके नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. आधी टेन्शन फिरवतात, मग बॉबीन केसचा, म्हणजे बॉबीन जिच्यात बसते त्या डबीचा, स्क्रू, आणि मूळ दोष असतो तो दोरा एका कडीतून निसटल्याचा. नंतर दोरा नीट ओवला तरी टीप सुधरत नाही, कारण मधल्या काळात दोन नवे दोष तयार झालेले असतात.

३. वरचा दोरा बरोबर ओवला गेला आहे, हे कसं ओळखायचं?

ओवण्याआधी दोन गोष्टी करा: प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचला आणि चाक आपल्याकडे फिरवून टेक-अप लिव्हर सगळ्यात वर आणा. फूट वर असतो तेव्हा टेन्शनच्या दोन चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. फूट खाली ठेवून ओवलं, तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो. दिसताना सगळं बरोबर दिसतं, पण दोऱ्याला ताण मिळतच नाही.

पडताळणी सोपी आहे. फूट वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढा, तो सहज यायला हवा. आता फूट खाली करून तसाच ओढा. दोरा अडला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकेल. दोन्ही वेळा सारखाच सहज येत असेल, तर दोरा चकत्यांमध्ये नाही. पुन्हा ओवा.

४. सुईची सपाट बाजू कुठे ठेवायची? माझ्या मशीनवर मागे, तर मैत्रिणीच्या जुन्या मशीनवर बाजूला आहे.

दोन्ही बरोबर असू शकतं. आताच्या बहुतेक घरगुती मशीनवर सपाट बाजू मागे असते आणि दोरा पुढून मागे ओवतात. सरळ टीप घालणाऱ्या कित्येक जुन्या मशीनवर शटल बाजूला असतं, त्यामुळे सपाट बाजूही बाजूला येते.

कुठल्याही मशीनवर चालणारी खूण अशी: सुई नखावर फिरवून पाहा. एका बाजूला वरपासून भोकापर्यंत लांब खाच लागते आणि दुसऱ्या बाजूला भोकाच्या जरा वर छोटासा खळगा असतो. दोरा लांब खाचेच्या बाजूने आत जातो आणि खळग्याच्या बाजूने बाहेर पडतो. खळगा नेहमी शटलकडे असायला हवा. सुईआधीची शेवटची कडी ज्या बाजूला आहे, त्या बाजूला लांब खाच ठेवा.

सुई वर टेकेपर्यंत सरकवा आणि मग स्क्रू आवळा. ती जराशी जरी खाली राहिली, तरी वेटोळं चुकीच्या उंचीवर तयार होतं आणि टाके सुटतात.

५. सुईच्या पाकिटावरचे ९०/१४ असे आकडे काय सांगतात? कोणत्या कापडाला कोणती सुई?

आकडे दोन पद्धतींचे आहेत, सुई एकच. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे ९० नंबरची सुई ०.९० मिलिमीटर जाड. दुसरा आकडा जुन्या पद्धतीचा.

तलम कापड, जॉर्जेट, शिफॉन यांना ६०/८ ते ७०/१०. साधं सुती, पॉपलीन यांना ८०/१२ किंवा ९०/१४. जीन्सचं कापड, कॅनव्हास यांना १००/१६ किंवा ११०/१८. होजिअरी आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, ती धागे फाडत नाही तर बाजूला सारते. घरगुती मशीनच्या सुईच्या पाकिटावर बहुधा १३०/७०५ एच किंवा १५×१ असं लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या मशीनच्या गोल दांड्याच्या सुया यात चालत नाहीत, त्या बसल्यासारख्या वाटल्या तरी लावू नका.

सुई साधारण आठ तास शिवून झाल्यावर बदलावी. ती मोडेपर्यंत वापरायची असते हा समज काढून टाका.

६. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली आहे म्हणजे दोष बॉबीनचाच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणारी खूण हीच आहे. गुंत्याचा तुकडा हातात घेऊन नीट पाहा. वर काळा आणि बॉबीनमध्ये पांढरा दोरा लावला असेल, तर खालचा गुंता काळ्याचा दिसतो. तो वरचा दोरा आहे. त्याला ताण नसल्यामुळे टेक-अप लिव्हर त्याला पूर्ण वर ओढून घेऊ शकत नाही, आणि प्रत्येक टाक्याचं वेटोळं खाली साचत जातं. म्हणून औषध वरच्या बाजूला करायचं: प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे फूट उचलून दोरा नव्याने ओवा. दोरा टेक-अप लिव्हरच्या भोकातून निसटला नाही ना, हे खास पाहा. तो निसटला असेल तर दोन-तीन टाक्यांतच मशीन अडकतं.

टिपेच्या फक्त सुरुवातीलाच गुंता होत असेल, तर कारण वेगळं आहे. दोन्ही दोऱ्यांची टोकं सुमारे दहा सेंटिमीटर लांब ठेवून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत बोटांत धरून ठेवा. आणि फूट खाली केला आहे ना, तेही पाहा. जाड कापड घातलं की तो वर राहिल्याचं लक्षात येत नाही, आणि फूट वर म्हणजे चकत्या सैल.

गुंता झालेलं कापड हिसकून ओढू नका. सुई वर घ्या, खालचे दोरे छोट्या कात्रीने कापा, बॉबीन काढा आणि उरलेले तुकडे चिमट्याने वेचा.

७. टेन्शन कसं जुळवायचं? किती नंबरवर ठेवू?

चकतीवर ० ते ९ आकडे असतील, तर सुती कापडासाठी ४ च्या आसपास सुरुवात करा. पण नंबर पाठ करण्यापेक्षा टीप वाचायला शिका.

सुती कापडाचा दुहेरी तुकडा घ्या. वर लाल आणि बॉबीनमध्ये निळा असे एकाच जाडीचे, एकाच प्रकारचे दोरे लावा आणि वीतभर टीप मारा. आता तुकडा उजेडाकडे धरा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसत असतील, तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे आणि खालच्याला ओढून वर आणतो आहे. टेन्शन अर्ध्या आकड्याने कमी करा. खालच्या बाजूला लाल ठिपके किंवा लाल वेटोळी दिसली, तर वरचा दोरा ढिला आहे. टेन्शन अर्ध्या आकड्याने वाढवा. आकडे नसलेल्या जुन्या मशीनवर पुढचा नट उजवीकडे फिरवला की ताण वाढतो, तो पाव-पाव फेऱ्याने फिरवा. चकती फिरवताना प्रेसर फूट खाली असू द्या.

वर फक्त लाल आणि खाली फक्त निळा दिसला की जमलं. त्या तुकड्यावर कापडाचं नाव, सुईचा नंबर आणि टेन्शनचा आकडा पेनाने लिहून तो जपून ठेवा. माझ्याकडे अशा तुकड्यांची जाडजूड चळत आहे, आणि नवं कापड हातात आलं की मी आधी ती उघडते.

टेन्शन अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत नेऊनही खाली वेटोळी दिसत असतील, तर दोष टेन्शनचा नाही. प्रश्न ३ कडे परत या. चकत्यांमध्ये दोऱ्याचा बारीक तुकडा किंवा कचरा अडकला, तरीही असंच होतं. फूट वर करून चकत्यांमधून पातळ कापडाची घडी एकदा फिरवून काढा.

८. बॉबीन केसवरचा छोटा स्क्रू फिरवू का?

शक्यतो नको. वरच्या टेन्शनने काम होतं तोवर त्याला हात लावू नका. तरीही खालचा दोरा खरंच ढिला किंवा घट्ट वाटत असेल, तर आधी पारख करा. भरलेली बॉबीन केसमध्ये घाला आणि दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लटकवा. ती स्थिर राहायला हवी, आणि मनगटाला हलका झटका दिला की दोन-चार सेंटिमीटर खाली उतरायला हवी. झटक्याशिवाय सरळ खाली घसरली तर ढिली, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट.

स्क्रू फिरवायचाच असेल, तर आधी त्याची खाच कोणत्या दिशेला आहे ते पेनाने केसवर आखून ठेवा आणि एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरवा. उजवीकडे घट्ट, डावीकडे ढिला. खाली कागद पसरून काम करा, हा स्क्रू इतका बारीक असतो की पडला तर सापडत नाही.

अपवाद: बॉबीन वरून टाकायच्या मशीनमध्ये प्लॅस्टिकची हलकी केस असते. तिला ही लटकवण्याची पारख लागू पडत नाही.

९. बॉबीन वेडीवाकडी किंवा ढिली भरते. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं. ढिल्या बॉबीनमधून दोरा कधी सैल येतो, कधी अडून येतो, आणि टीप कुठे छान तर कुठे वाईट दिसते. बॉबीन भरताना दोरा मशीनवरच्या छोट्या गोल कडीतून किंवा चकतीतून नीट नेला आहे ना, ते पाहा. भरलेली बॉबीन अंगठ्याने दाबली तर कडक लागायला हवी. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा भरू नका आणि काठोकाठही भरू नका. पॉलिएस्टर दोरा फार वेगाने भरला, तर तो ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो आणि शिवल्यावर आखडून कापडाला चुण्या आणतो.

बॉबीन मशीनच्या मापाचीच हवी. दोन प्रकारच्या बॉबीनमध्ये एखाद्या मिलिमीटरचाच फरक असतो आणि चुकीची बॉबीनही आत बसते, पण नीट फिरत नाही.

बसवतानाची दिशा: बहुतेक पुढून बसवायच्या केसमध्ये दोरा ओढला की बॉबीन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आणि वरून टाकायच्या प्रकारात उलट.

१०. वरचा दोरा सारखा तुटतो.

तुटलेलं टोक काय सांगतं ते आधी बघा. टोक पिंजल्यासारखं, केसाळ असेल, तर दोरा कशावर तरी घासतो आहे. बहुधा सुई बोथट आहे किंवा दोऱ्याच्या मानाने भोक लहान आहे. सुटी सुई घ्या, त्यातून हातभर दोरा ओवा, दोरा तिरपा ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाला नेऊन सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरली, तर भोक पुरेसं मोठं आहे. अडली, तर एक नंबर मोठी सुई घ्या.

टोक चाकूने कापल्यासारखं स्वच्छ असेल, तर दोरा कुठेतरी एकदम अडतो आहे. रिळाच्या काठावरची खाच, आडव्या रिळावर न बसणारी टोपी, किंवा रिळाच्या तळाशी घसरून दांडीभोवती गुंडाळलेला दोरा, ही नेहमीची ठिकाणं. टेन्शन फार घट्ट असलं तरी असंच होतं.

सुई एकदा प्लेटवर आदळली असेल, तर प्लेटच्या भोकाला किंवा शटलच्या टोकाला बारीक ओरखडा पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. जुना नायलॉनचा मोजा त्यावरून हलकेच फिरवा, धागा अडकला की जागा सापडते.

आणि दोरा जुना तर नाही ना? दोन्ही हातांनी धरून एक झटका द्या. चांगला दोरा बोटाला रुततो, कुजलेला सहज तुटतो. तो कितीही आवडीच्या रंगाचा असला तरी हाताच्या कच्च्या टाक्यांसाठीच ठेवा.

११. मध्येमध्ये टाके सुटतात, मोठा टाका दिसतो.

सुई बदला. खरंच, आधी तेवढंच करा. बोथट, किंचित वाकलेली, उलटी बसवलेली किंवा पूर्ण वर न गेलेली सुई हेच बहुतेक वेळा कारण असतं (प्रश्न ४). सुई वाकली आहे का ते पाहायला तिची सपाट बाजू काचेवर ठेवा, सुई आणि काच यांमधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

होजिअरीवर टाके सुटत असतील, तर गोल टोकाची सुई लावा. ताणलं जाणारं कापड सुईसोबत वर उचललं जातं, त्यामुळे वेटोळंच तयार होत नाही. चिकटणारं कॅनव्हास लावलेल्या कॉलरवर टाके सुटत असतील, तर सुईला गोंद लागलेला असतो. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

१२. सुई वारंवार मोडते. भीती वाटते.

भीती रास्त आहे, मोडलेलं टोक डोळ्याकडे उडू शकतं. चष्मा नसेल तरी चेहरा सुईवर अगदी झुकवून शिवू नका. आणि मोडलेले सगळे तुकडे सापडल्याशिवाय पुढचा टाका घालू नका. शटलमध्ये राहिलेला एक तुकडा पुढच्या सुयाही मोडतो.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागून कापड ओढण्याची सवय. कापड ओढलं की सुई वाकून प्लेटवर आपटते. कापड पुढे नेणं हे प्लेटमधून वर येणाऱ्या दात्यांचं काम आहे, तुमचे हात फक्त दिशा देतात. याशिवाय टाचण्यांवरून शिवणं, सुईचा स्क्रू ढिला असणं, जाड शिवणीला बारीक सुई लावणं ही कारणं आहेत. झिगझॅगवर काम करताना फक्त सरळ टिपेचा, लहान भोकाचा फूट लावला असेल, तर पहिल्याच टाक्याला सुई मोडते. टाक्याचा प्रकार बदलला की चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहायची सवय लावा.

१३. कापड पुढे सरकतच नाही, एकाच जागी टाके पडतात.

टाक्याची लांबी शून्यावर आहे का? भरतकामासाठी दाते खाली केले होते का? फूट खाली आहे का? हे तिन्ही बरोबर असेल, तर प्लेट काढा. दात्यांच्या रांगांमध्ये दोऱ्याची पूड दाबून दाबून नमद्यासारखी कडक होते आणि दाते वर दिसेनासे होतात. सुईच्या टोकाने ती उकरून काढा. फुंकर मारू नका, त्याने कचरा आणखी आत जातो.

लांबीबद्दल एक गोष्ट: नव्या मशीनवर आकडे मिलिमीटरमध्ये असतात, काही जुन्या मशीनवर एका इंचात किती टाके ते असतं. २.५ मिलिमीटर म्हणजे इंचात साधारण १० टाके. जुन्या पद्धतीत आकडा वाढला की टाका बारीक होतो.

१४. मोटर चालते, चाक फिरतं, पण सुई हलत नाही.

बॉबीन भरताना चाकाचा मधला स्क्रू सैल केला होता, तो परत आवळायचा राहिला. किंवा बॉबीन भरायची दांडी अजून बाजूलाच सरकवलेली आहे.

१५. चाक मध्येच अडकलं. जोर लावून फिरवू का?

अजिबात नको. मोटरचं मशीन असेल तर आधी प्लग काढा. चाक हाताने दोन्ही दिशांना अगदी थोडं थोडं हलवा. किंचित हलत असेल, तर शटलच्या खोबणीत दोरा अडकला आहे. बॉबीन केस काढा. पुढून बसवायच्या प्रकारात शटलच्या दोन बाजूंना छोटे खिटके असतात. ते उघडले की बाहेरची कडी निघते आणि मागचं अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. काढण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. खोबणीत केसाएवढा दोऱ्याचा तुकडा सापडेल, तेवढ्यानेही मशीन अडतं. पुसून, तेलाचा एक थेंब देऊन, फोटोप्रमाणे परत बसवा.

महिनोन्महिने बंद असलेलं मशीन जड झालं असेल, तर ते आतलं जुनं तेल घट्ट झाल्यामुळे. प्रत्येक भोकात मशीनचं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हलवून पाहा. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दिली तर घट्ट तेल लवकर सैल होतं. दोन-तीनदा करावं लागतं, धीर धरा.

१६. पायाचं मशीन चालवताना चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो.

सुरुवातीला प्रत्येकाचं होतं. सुई आणि दोरा काढून ठेवा आणि नुसतं मशीन चालवायचा सराव करा. उजव्या हाताने चाकाचा वरचा भाग आपल्याकडे फिरवायचा आणि चाकाने गती घेतली की मग पायटा दाबायचा. थांबताना पाय सैल सोडून हात हलकेच चाकावर ठेवायचा. एक पाऊल जरा पुढे आणि दुसरं जरा मागे ठेवलं, तर तोल चांगला राहतो. यानंतर दोरा नसलेल्या सुईने रेघा आखलेल्या कागदावर भोकं पाडत सरळ जायचा सराव करा.

पाय चालतो पण चाक मागे राहतं, असं असेल तर चामड्याचा पट्टा सैल झाला आहे. एका टोकाची पिन काढून पट्टा अर्धा इंच कापा, भोक पाडा आणि पुन्हा जोडा.

१७. तेल किती वेळा द्यावं? घरातलं कोणतंही चालेल का?

नाही. फक्त शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल. स्वयंपाकाचं किंवा केसांचं तेल काही काळाने चिकट होतं आणि मशीन गच्च करतं. प्रश्न १५ मधली जड मशीनं पुष्कळदा याच तेलाने झालेली असतात.

लोखंडी मशीन रोज चालत असेल तर रोज, एरवी आठ-दहा तासांच्या कामानंतर, प्रत्येक भोकात एकच थेंब. आधी कचरा काढा, मग तेल द्या, नाहीतर पूड आणि तेल मिळून लगदा होतो. नंतर टाकाऊ कापडावर दोन मिनिटं शिवा, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच उतरेल.

अपवाद महत्त्वाचा आहे: काही नव्या मशीनना वापरणाऱ्याने तेल द्यायचंच नसतं, काहींना फक्त शटलपाशी. पुस्तिकेत पाहिल्याशिवाय अशा मशीनमध्ये तेल सोडू नका. टेन्शनच्या चकत्या आणि पट्टा यांना तर कुठल्याच मशीनवर तेल लागता कामा नये.

१८. तलम कापडावर चुण्या येतात, आणि सुरुवातीला कापड भोकात ओढलं जातं.

नवी बारीक सुई, बारीक दोरा, टाक्याची लांबी २ मिलिमीटरपर्यंत आणि वरचं टेन्शन थोडं कमी. तरीही चुण्या आल्या, तर कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो टिपेवरून फाडून काढा. टोकावर कापड आत ओढलं जात असेल, तर अगदी काठापासून सुरू न करता अर्धा सेंटिमीटर आतून सुरू करा, उलट टाक्यांनी काठापर्यंत मागे या आणि मग पुढे चला. दोऱ्याची टोकं धरून ठेवणं इथेही लागतंच (प्रश्न ६).

१९. जीन्स दुमडताना जाड जोडावर मशीन अडतं.

जोड आला की फूट पुढून वर उचलला जातो, तिरपा होतो आणि दात्यांची पकड सुटते. थांबा, सुई कापडात ठेवा, फूट उचला आणि त्याच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा. फूट आडवा झाला की चाक हाताने फिरवत जोड पार करा. शिवण्याआधी जोडावर हातोडीने दोन-चार ठोके दिले, तर कापड बसतं. सुई १००/१६ किंवा त्याहून जाड आणि टाका ३ मिलिमीटरपेक्षा मोठा ठेवा.

२०. बाकी सगळ्या कापडांवर छान टीप येते, पण टी-शर्टचं कापड लाटांसारखं होतं. सुईसुद्धा बदलली.

इथे टेन्शन नाही, फुटाचा दाब पाहा. दाब जास्त असला की फूट वरचा थर मागे धरून ठेवतो, दाते खालचा थर पुढे नेतात आणि कापड ताणूनच शिवलं जातं. मशीनच्या डाव्या टोकाला वर दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू किंवा चकती असते, ती थोडी सैल करा. बारीक झिगझॅग लावा, म्हणजे कापड ताणल्यावर टीप तुटणार नाही. शिवलेला भाग वाफेच्या इस्त्रीने दाबला, तर थोड्या लाटा बसतात. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. सुती कापड शिवायला घ्याल तेव्हा दाब पूर्ववत करायला विसरू नका.

२१. मेकॅनिककडे कधी न्यायचं?

प्रश्न २ मधला क्रम पूर्ण करूनही प्रत्येक कापडावर टाके सुटत असतील, आणि हे सुई जोरात आदळल्यानंतर सुरू झालं असेल, तर सुई आणि शटल यांची वेळ चुकली आहे. शटलचं टोक वेटोळ्यापाशी लवकर किंवा उशिरा पोहोचतं. हे जुळवायला सरावलेला हात लागतो. शिकत असताना घरी प्रयोग करू नका. मोटरमधून जळका वास येणं, पेडलवरून पाय काढल्यावरही मशीन चालत राहणं, वायर उघडी पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नका.

नेताना रिकामं मशीन नेऊ नका. ज्यावर टीप बिघडते तो कापडाचा तुकडा, तेच दोऱ्याचं रीळ, तीच भरलेली बॉबीन आणि मशीनमधली सुई तशीच राहू द्या. दुरुस्तीनंतर त्याच तुकड्यावर, त्याच दोऱ्याने, तिथेच स्वतः बसून वीतभर टीप मारा आणि तुकडा उलटून खालची बाजूही पाहा.